खंड पडू नये म्हणून

कॅन्सरच्या डॉक्टरांमध्ये सर्जन कोण, हे लोकांना लगेच कळतं. तो गाठ काढतो, केवढी होती ते बोटांनी दाखवतो आणि थिएटरच्या दाराशी ताटकळलेले नातेवाईक त्याला हात जोडतात. केमो देणाराही कळतो. सलाइनची बाटली दिसते, गळलेले केस दिसतात. तिसरा जो रेडिएशनवाला, तो नेमकं काय करतो हे सात आठवडे उपचार घेऊन गावी परतलेल्या पेशंटलाही सांगता येत नाही. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ते घेताना काही दुखत नाही. यंत्र चालवणारा टेक्नॉलॉजिस्ट वेगळा, मात्रेचं गणित करणारा फिजिसिस्ट वेगळा. डॉक्टर आठवड्यातून एकदा समोर बसवतो, तोंडात टॉर्च मारतो, वजन किती उतरलं ते बघतो आणि ‘चालू ठेवा’ म्हणतो. एवढ्यासाठी एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षं एमडी कशाला करायची, असं कुणाला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

पण कॅन्सर झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर याच डॉक्टरकडे यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात १४ लाखांच्या वर नवे पेशंट निघाले. त्यांचे निम्मे धरले तरी आकडा दडपून टाकणारा आहे. या डॉक्टरच्या कामाचा आढावा घेताना नजर साहजिकच यंत्राकडे जाते, कारण यंत्र मोठं असतं, महाग असतं आणि त्याचं उद्घाटन करता येतं. माझा अनुभव आणि वाचन मला दुसरीकडे नेतं. आपल्याकडे या डॉक्टरची कसोटी लागते ती पेशंटचे ठरलेले दिवस एकही खंड न पडता पुरे करून घेण्यात. बाकीचं कौशल्य त्यानंतर मोजायचं.

हे दिवस मुळात ठरले कसे, याची गोष्ट एका मेंढ्यापासून सुरू होते. १८९५ साली रोंटगेनला क्ष-किरण सापडले, १८९८ साली क्यूरी दांपत्याला रेडियम सापडलं, आणि लगोलग डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी गाठींवर वापरून पाहिल्या. सुरुवातीची रीत धसमुसळी होती: एका बैठकीत जमेल तेवढी मोठी मात्रा. कातडी जळायची आणि गाठ पुन्हा यायची. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये मेरी क्यूरी भौतिकशास्त्राची बाजू सांभाळत होत्या आणि क्लॉडियस रेगो जीवशास्त्राची. रेगोने मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले, कारण तिथे पेशींचं विभाजन अखंड चालू असतं, जसं गाठीत असतं. एकाच बैठकीत मेंढा निर्बीज करायचा तर वरच्या कातडीची वाट लागायची. तेच काम काही दिवसांत विभागून केलं तर मेंढा निर्बीज व्हायचा आणि कातडी शाबूत राहायची. त्याचा सहकारी आंरी कुतार याने १९२०च्या दशकात ही रीत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरला लावली. आज परळला किंवा बार्शीला जो पेशंट रोज सकाळी फाइल घेऊन रांगेत बसतो, त्याचं वेळापत्रक त्या मेंढ्यांकडून आलेलं आहे.

मात्रा मोजायचं एकक ग्रे. उपचार न मिळाल्यास सगळ्या अंगावर एकदम चार-पाच ग्रे पडलेल्या माणसांपैकी निम्मी दगावतात. तोंडाच्या कॅन्सरला ७० ग्रे देतात, पण मोजक्या जागेवर, रोज दोन याप्रमाणे ३५ बैठकांत. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून सात आठवडे. किरणांनी गाठ भाजून निघते असा समज सर्रास आहे. प्रत्यक्षात ७० ग्रेची सगळी ऊर्जा एकवटली तरी तिथलं तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागानेही वाढत नाही. घाव बसतो तो पेशीच्या आतल्या डीएनएवर. त्याचे दोन्ही धागे तुटलेली पेशी पुढच्या विभाजनाच्या वेळी मरते. निरोगी पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत बरीच डागडुजी करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ती तितकीशी साधत नाही. रोजच्या या लहानशा फरकावर सगळा उपचार उभा आहे.

फरक लहान आहे म्हणूनच खंड परवडत नाही. तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार सुरू होऊन चारेक आठवडे झाले की वाचलेल्या पेशी आधीपेक्षा जोमाने वाढू लागतात. विदर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हे आकड्यांत मांडलं: त्यानंतर वाया गेलेला प्रत्येक दिवस भरून काढायला सुमारे ०.६ ग्रे जादा लागतात. गाठ कायमची ताब्यात येण्याची शक्यता दर चुकलेल्या दिवसामागे एक-दीड टक्क्याने उतरते, असा हिशेब पुढे रूढ झाला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सचा दंडक आहे की तोंड-घसा आणि गर्भाशयमुख या कॅन्सरमध्ये उपचार ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून अधिक लांबू देऊ नये. आपल्याकडच्या विभागांत गर्दी नेमकी याच दोन आजारांची. पहिला गुटखा, तंबाखू, मिश्रीचा. दुसरा बहुतेक करून गरीब घरच्या, कधीच तपासणी न झालेल्या बाईचा. ज्या आजारात एक दिवस चुकवू नये तो नेमका अशा माणसाला होतो, ज्याची एक दिवसाची मजुरी चुकली तर चूल थंडावते.

डॉ. केतायून दिनशॉ यांच्या कारकिर्दीकडे मी याच बाजूने पाहतो. १९४३ साली जन्मलेल्या दिनशॉ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकल्या, रेडिएशनचं शिक्षण केंब्रिजला घेतलं आणि १९७४ साली टाटा मेमोरियलमध्ये रुजू झाल्या. हे रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं होतं, दोराबजी टाटांच्या नावच्या ट्रस्टच्या पैशातून. त्यामागे रक्ताच्या कॅन्सरने गेलेल्या मेहेरबाई टाटांचं दुःख होतं. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे. होमी भाभांच्या डोक्यातली ही योजना. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुवाल्यांकडे, यावर त्या काळी भुवया उंचावल्या असणार. पण खात्याच्या या एका बदलीमुळे पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे इंजिनिअर आणि परळचे डॉक्टर एका छत्राखाली आले. सरकारी फाइलींच्या इतिहासात असे फलदायी निर्णय फार नाहीत.

दिनशॉ १९८१ साली रेडिएशन विभागाच्या प्रमुख झाल्या, १९९५ साली रुग्णालयाच्या संचालक, आणि १९९७ ते २००८ संपूर्ण टाटा मेमोरियल सेंटरच्या. त्या खुर्चीवरच्या त्या पहिल्या स्त्री. २००१ साली पद्मश्री मिळाली, २०११ साली त्यांचं निधन झालं. ही सनावळी कुठल्याही श्रद्धांजलीत मिळते. त्यातून निसटतं ते हे की सर्जनांचा दबदबा असलेल्या संस्थेत एक रेडिएशनची डॉक्टर सर्वोच्च पदाला पोचली आणि तिने एकाच पेशंटचा विचार तिन्ही शाखांनी एकत्र बसून करायचा, हा आग्रह रुजवला. आज मोठ्या केंद्रांत ‘जॉइंट क्लिनिक’ किंवा ‘ट्यूमर बोर्ड’ असतं आणि ते नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. तेव्हा पेशंट ज्याच्या दारात आधी गेला त्याचा, असाच व्यवहार होता.

या आग्रहाचं सर्वांत चांगलं उदाहरण स्तनाच्या कॅन्सरचं. संपूर्ण स्तन काढून टाकणं हीच आपल्याकडची सरधोपट शस्त्रक्रिया होती. त्याऐवजी फक्त गाठ काढायची, स्तन राखायचा आणि पुढचे पाच-सहा आठवडे रेडिएशन द्यायचं, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत चाचण्यांनी सिद्ध झाली. भारतात ती चालेल का, यावर शंका घेणारे पुष्कळ होते. बाया रेडिएशन अर्धवट सोडून गावी जातील आणि आजार उलटेल, मग जबाबदार कोण? शंका फालतू नव्हती. सर्जनने हात आखडता घ्यायचा तर पुढच्या सगळ्या बैठका होतीलच अशी हमी कुणीतरी द्यायला हवी. टाटामध्ये १९८० पासून हे काम सुरू झालं आणि दिनशॉ व सहकाऱ्यांनी हजारभर स्त्रियांचा दोन दशकांचा अनुभव पुढे प्रसिद्ध केला. भारतीय स्त्रीतही स्तन राखून उपचार सुरक्षितपणे करता येतो, हे त्यातून दिसलं. मला त्या निष्कर्षामागे दिसतात ते हजेरीपट, हजार बायकांचे.

हजेरी भरवायची तर आधी पेशंट टिकवावा लागतो. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट घ्या. पहिल्या भेटीत रेडिएशनचा डॉक्टर गाठीइतकंच दातांकडे पाहतो. किडलेले दात उपचाराआधी काढून घ्यायचे आणि जखम भरायला वेळ द्यायचा. नंतर काढायची वेळ आली तर किरण लागलेल्या जबड्याचं हाड सडू शकतं. मग तोंड किती उघडतं ते बोटांनी मोजतात. सुपारी-गुटख्याने आखडलेल्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, कधी एकही जात नाही. व्यायाम त्याच दिवसापासून. आहारतज्ज्ञ वजन लिहून घेते. तंबाखू आज, आत्ता, इथेच बंद. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे वाक्य ओपीडीत उच्चारलं तर पेशंटच्या सोबतचे लोक हसतात.

नंतर मोल्ड रूम. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात, काही मिनिटांत ती कडक होते. विभागातले लोक तिला ऑर्फिट म्हणतात. रोज तोच मुखवटा, रोज त्याच कोनात डोकं, कारण किरणांना मिलिमीटरचा हिशेब असतो. बंद जागेची भीती वाटणाऱ्याला हा मुखवटा आजारापेक्षा वाईट वाटतो. चांगला टेक्नॉलॉजिस्ट पहिल्या दिवशी पाच मिनिटं जास्त देतो, हात वर केला की आम्ही थांबू असं सांगतो. त्या पाच मिनिटांची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

मुखवट्यासकट सीटी स्कॅन होतो आणि मग डॉक्टरचं ते काम सुरू होतं जे पेशंटला कधीच दिसत नाही. संगणकावर स्कॅनच्या एकेका कापावर तो रेघा ओढत बसतो: ही गाठ, ही तिच्या आसपासची संशयित जागा, या लाळेच्या ग्रंथी, हा मज्जारज्जू, हे गिळायचे स्नायू. याला कंटूरिंग म्हणतात. एका पेशंटचं कंटूरिंग करायला तास-दोन तास सहज जातात. हल्ली संगणक आपणहून अर्ध्या रेघा काढून देतो, पण गाठीची सीमा कुठे संपते हे अजून माणसालाच ठरवावं लागतं. गाठीला पुरेपूर पोचवायचं आणि ग्रंथींना चुकवायचं, या ओढाताणीत फिजिसिस्ट प्लॅन बसवतो. पूर्वीच्या साध्या पद्धतीत लाळेच्या ग्रंथी वाचवणं जमत नसे. पेशंट बरा व्हायचा आणि जन्मभर पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरायचा नाही. आयएमआरटी नावाच्या नव्या पद्धतीने हे दुखणं बरंच कमी केलं. पूर्ण गेलेलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं. वरणाचं पाणीसुद्धा झोंबतं. मीठ-सोड्याच्या गुळण्या, वेदनाशामक, गरज पडली तर नाकातून अन्नाची नळी. याच सुमारास पेशंट म्हणतो, ‘साहेब, आठ दिवस गावाकडं जाऊन येतो, जरा बरं वाटलं की परत सुरू करू.’ वरच्या हिशेबाप्रमाणे हीच ती वेळ, जेव्हा एकही दिवस सोडायचा नसतो. पेशंटला बरं वाटावं म्हणून मागितलेली सुट्टी गाठीलाही मिळते. हे त्याला पटेल अशा भाषेत सांगणं, त्याच्या बायकोला बाजूला घेऊन पातळ खिमटीत तूप आणि अंडं कसं घालायचं ते समजावणं, भावाला फोन करून पेरणीचं काय ते बघायला लावणं, यात तज्ज्ञाची अर्धी संध्याकाळ जाते. वैद्यकीय महाविद्यालयात यासाठी वेगळा पेपर नाही.

परळच्या फुटपाथवर टाटाचे पेशंट राहतात, हे मुंबईकरांच्या इतकं सवयीचं झालंय की त्याबद्दल लिहिताना शब्द बोथट होतात. रेडिएशनला रोज यायचं असतं, पण खाट लागत नाही, म्हणून भरती करून घेत नाहीत. म्हणजे सात आठवडे मुंबईत राहायचं, आणि मुंबईत राहणं म्हणजे काय ते सांगायला नको. ही पोकळी ज्यांनी भरली त्यांची नावं कॅन्सरवरच्या शोधनिबंधांत येत नाहीत: दादरची गाडगे महाराजांच्या नावची धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, मूळचे गोव्याचे असलेले टाटाचे नामवंत सर्जन अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावचं वांद्र्याचं होम, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून काम करणारी सेंट ज्यूड. रेल्वे उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ करते आणि सोबतच्या माणसाला पाऊण. एसटीतही सवलत आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशनचा खर्च बसतो. पण त्या प्रत्येक सवलतीला एक फॉर्म आहे आणि फॉर्मवर डॉक्टरची सही आणि शिक्का लागतो. ओपीडीत सही मागणाऱ्यावर खेकसणारा डॉक्टर मी पाहिला आहे आणि तपासणीआधी खिशातून शिक्का काढून ठेवणाराही. दुसऱ्याचे पेशंट उपचार कमी सोडतात, यावर मी पैज लावायला तयार आहे.

खंड नेहमी पेशंटमुळेच पडतो असं नाही. यंत्रही बंद पडतं. लिनॅक, म्हणजे वीज वापरून किरण तयार करणारं यंत्र, नाजूक असतं. त्याला अखंड वीज, थंड हवा आणि परदेशातून येणारे सुटे भाग लागतात. कोबाल्टचं यंत्र त्या मानाने रांगडं. १९५१ साली कॅनडात त्याने पहिले पेशंट घेतले आणि भारतासारख्या देशांना ते दशकानुदशकं पुरलं. त्यातला कोबाल्ट-६० दर महिन्याला साधारण एक टक्क्याने मंदावतो, सव्वापाच वर्षांत अर्धा उरतो, त्यामुळे त्याच मात्रेसाठी पेशंटला जास्त वेळ पडून राहावं लागतं आणि रांग लांबते. पण वीज गेली तरी त्याचे किरण जात नाहीत, आणि तालुक्याच्या गावी ही मोठी गोष्ट असते.

दिनशॉ संचालक आणि अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना भाभा केंद्राने देशी कोबाल्ट यंत्र बनवलं, भाभाट्रॉन. पहिलं २००५ साली खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या केंद्रात बसलं. पुढे बंगळुरूच्या एका कंपनीने त्याचं उत्पादन केलं आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमार्फत भारताने एक यंत्र व्हिएतनामला भेट दिलं. १९६२ च्या त्या बदलीचं हे फळ. आयात यंत्रापेक्षा स्वस्त, आणि मुख्य म्हणजे बिघडलं तर दुरुस्ती करणारा माणूस देशातच. अर्थात कोबाल्ट म्हटलं की जबाबदारीही आली. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं कोबाल्टचं उपकरण गेलं आणि एक माणूस प्राणाला मुकला. ते उपचाराचं यंत्र नव्हतं, पण किरणोत्सारी माल कागदावर नीट सांभाळला नाही तर काय होतं त्याचा धडा तो हाच.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरकडे वळलं की या डॉक्टरचं काम यंत्राबाहेरचं होतं. बाहेरून पाच आठवडे किरण, सोबत केमो, आणि मग ब्रॅकीथेरपी: योनिमार्गातून नळ्या बसवून इरिडियमचा स्रोत थेट गाठीपाशी न्यायचा. पूर्वी सीझियम वापरत, तेव्हा बाईला दिवसभर आणि त्याहूनही जास्त वेळ एका खोलीत एकटीने पडून राहावं लागे. आता काम मिनिटांत होतं. बाहेरचे किरण संपले, रक्तस्राव थांबला, बरं वाटलं की पुष्कळ बाया इथूनच घरी जातात. ब्रॅकीथेरपीशिवाय मात्र उपचार अपुरा असतो. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं. टाटामधल्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी या आजारावर ज्या चाचण्या केल्या त्या जगभर वाचल्या गेल्या. श्याम श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी पुढे गेलेल्या अवस्थेतल्या ८५० स्त्रियांवर केलेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली; रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. सुप्रिया चोप्रा यांच्या २०२१ च्या चाचणीने शस्त्रक्रियेनंतर द्यायच्या रेडिएशनमध्ये नवं तंत्र वापरलं तर आतड्यांचे दीर्घकालीन त्रास जवळपास निम्म्यावर येतात हे दाखवलं. ‘गरीब बाईला महाग तंत्र कशाला’ या प्रश्नाला ते उत्तर होतं: बरी झालेली बाई पुढची वीस वर्षं दिवसातून दहादा संडासला धावणार असेल तर ती शेतात जाणार कशी?

याच पेशंटशी एक बोलणं सहसा होतच नाही. ओटीपोटावर किरण पडले की पाळी कायमची जाते आणि योनिमार्ग आकसतो. तो आकसू नये म्हणून डायलेटर वापरायला शिकवावं लागतं, नवऱ्याशी संबंध पुन्हा कधी ठेवता येतील ते सांगावं लागतं. दालनात सासू बसलेली, दार अर्धं उघडं, बाहेर साठ फाइली. डॉक्टर पुरुष असेल तर विषय निघत नाही, बाई असेल तरी पुष्कळदा निघत नाही. ज्या विभागांत हे काम एखाद्या अनुभवी सिस्टरकडे सोपवलंय तिथे ते होतं. यासाठी फक्त एक बंद होणारं दार लागतं.

मुंबईबाहेरचा विचार करताना बार्शीचं नाव आधी घ्यावं लागतं. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणं सांगायचे आणि संशयितांना गोळा करून आणायचे. त्यातून नोंदीही झाल्या आणि बायका लवकर येऊ लागल्या. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा, बार्शीचं रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली तरी या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात, हा २००९ साली आलेला निष्कर्ष जगभरच्या धोरणांत उतरला. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही यावरून पुढे वाद झाला, आणि मला तो वाद रास्त वाटतो. ज्या मातीतून हे उत्तर निघालं त्या मातीतल्या सगळ्या बायकांची तपासणी अजून झालेली नाही, ही त्याहून मोठी खंत.

गेल्या पंधरा वर्षांत या शाखेत जो बदल झाला तो खंडाच्या प्रश्नाला वेगळ्याच बाजूने भिडतो. दिवसच कमी करायचे. स्तनाच्या कॅन्सरला २५ बैठका लागत, ब्रिटनमधल्या चाचण्यांनी त्या १५ वर आणल्या, आणि २०२० साली फास्ट-फॉरवर्ड चाचणीने ५ वर: एका आठवड्यात २६ ग्रे. करोनाच्या वर्षात हा निकाल आला आणि एरवी दशकभर चर्चा झाली असती तो बदल अनेक केंद्रांनी काही महिन्यांत स्वीकारला. यवतमाळच्या बाईला पाच आठवडे नागपुरात राहावं लागणं आणि सोमवारी येऊन शुक्रवारी परत जाणं, यातला फरक कुठल्याही नव्या यंत्राने दिला नसता. खासगी रुग्णालयांत हा बदल रेंगाळतो, कारण बिल बैठकांच्या हिशेबाने लागत असेल तर २५ चे ५ करायला हात धजत नाही. सगळ्याच आजारांत दिवस असे आटोपता येत नाहीत, तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर मुळीच घाई नको. पण जिथे पुरावा आहे तिथे पेशंटने ‘कमी दिवसांत होईल का?’ हे विचारावंच.

हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेला ८ ग्रेची एकच बैठक बहुतेकांना आराम देते, आणि दहा बैठकांइतकाच देते. आजार बरा होणार नाही, पण माणूस रात्री कुशीवर वळू शकतो. गाठीतून वाहणारं रक्तही असंच थांबवता येतं. इथे बरं करण्याचं उद्दिष्ट सुटलेलं असतं आणि या वळणावर पुष्कळ डॉक्टर पेशंटच्या वाटेला जाईनासे होतात. ‘आता आमच्याकडे काही नाही’ हे वाक्य मराठी घरांनी किती ऐकलंय. टाटाचे सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस काढलं, पुढे गोव्यात लोटलीलाही. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. मॉर्फिनच्या गोळ्या मिळवणं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने अशक्यप्राय करून ठेवलं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने ते थोडं सुकर झालं. तरी जिल्ह्याच्या गावात मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर शोधावा लागतो. शेवटच्या महिन्यात सोलापूरहून मुंबईला एका बैठकीसाठी न्यायचं का, हा निर्णय विज्ञानाचा कमी आणि टॅक्सीच्या भाड्याचा जास्त असतो, आणि चांगला डॉक्टर तो फोनवरच घेऊन टाकतो: नेऊ नका, मी गोळ्या सांगतो.

नातेवाइकांची एक ठरलेली विनंती असते, ‘त्यांना सांगू नका.’ रेडिएशनच्या विभागात हे सोंग फार दिवस टिकत नाही. दारावर पाटी असते, रांगेत शेजारी बसलेला माणूस विचारतो, तुम्हाला कुठे आहे? तिसऱ्या दिवशी पेशंटला सगळं माहीत असतं आणि नातेवाइकांना वाटतं त्याला काही माहीत नाही. रांगेतल्या ओळखीचा डॉक्टरांनी उपयोग करून घ्यायला हवा असं मला वाटतं. तिसाव्या दिवसाचा पेशंट दुसऱ्या दिवसाच्या पेशंटला जे सांगतो ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. या किरणांनी आपण किरणोत्सारी होत नाही, नातवाला मांडीवर घेतलं तरी चालतं, हे डॉक्टरने दहादा सांगून पटत नाही आणि शेजारच्याने एकदा सांगून पटतं.

आता खारघरला प्रोटॉनचं केंद्र सुरू झालंय, २०२३ पासून तिथे पेशंट घेतात. लहान मुलांच्या मेंदूतल्या, पाठीच्या कण्याजवळच्या गाठींना त्याचा खरा फायदा आहे, कारण प्रोटॉन ठरल्या खोलीवर थांबतात आणि पलीकडच्या कोवळ्या ऊतींना धक्का लावत नाहीत. सरकारी संस्थेत ते उभं राहिलं हे उत्तम. पण त्याच राज्यात अनेक जिल्ह्यांत साधं कोबाल्टसुद्धा नाही, आणि जिथे यंत्र आहे तिथे ते चालवायला माणसं नाहीत म्हणून ते झाकलेलं राहिल्याच्या बातम्या येतात. एमडी झालेला तरुण डॉक्टर छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कर्करोग रुग्णालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात राहील की पुण्याच्या कॉर्पोरेट साखळीत जाईल, हे पगारावर ठरतं तितकंच हाताखाली फिजिसिस्ट आहे की नाही यावरही. फिजिसिस्टने तपासून मान्य केल्याशिवाय एकही प्लॅन चालत नाही आणि तसा नियमही आहे. एका माणसाच्या रजेने चाळीस पेशंटचा खंड पडतो.

जिल्ह्यात नवं यंत्र आल्याची बातमी वाचताना मी हल्ली फीत कापणाऱ्यांची नावं सोडून शेवटचे परिच्छेद आधी बघतो: फिजिसिस्टचं पद भरलंय का, बाहेरगावच्या पेशंटला राहायला किती खोल्या आहेत, सामाजिक कार्यकर्ता नेमलाय का. बहुतेक बातम्यांत ते परिच्छेद नसतात.